दुसरबीडचं इटालियन

शेवया : गिच्च.

"कचरूभाऊ, ह्या शेवया हायेत का लापशी?" गुलाबराव कंडक्टरने ताटातला गोळा बोटावर उचलून दाखवला. "पाह्य, सोडूनच नाही राह्यला. खाऊ, का याच्यानं तिकिटं डकवू?"

"इटालीत असंच खातेत!" भट्टीपाशी बसलेला कचरू तिथूनच गरजला. "पसंत नसंल तं पुढच्या गावाले, बीबीले जाऊन जेव!"

आत चुलीपुढे सिंधूताईने कपाळाला हात लावला. नवऱ्याची ही थाप ती रोज ऐकत होती. इटालीत असलं काही खात नसणार, एवढं तिलाही कळत होतं. दोष तिच्या हातांचा होता, आणि तो दोष म्हणजे तिची करामत होती. तिच्या शेवया केसासारख्या बारीक. जाड शेवई वळणारीला सासरी कुणी नांदवत नाही, असं आई केसरबाईने बोटांवर पळी मारून शिकवलं होतं. दुधागुळात त्या जिभेवर विरायच्या. कचरूच्या उकळत्या पाण्यात पडल्या की तिथेच विरायच्या.

"जाड वळ, सुतळीवानी," कचरू वर्षभर सांगत होता.

"मंग सुतळीच शिजवा ना," ती वर्षभर उत्तर देत होती.

रस्सा : झकास.

टमाटे, ठेचलेला लसूण, तेल, मीठ. हळद नाही, जिरं नाही, मसाला नाही. एवढी नावं ठेवणारा गुलाबराव, पण शेवटी तोही हा रस्सा भाकरीने पुसून ताट लख्ख करायचा.

भाकर : पाटीवर नाही. मागावी लागते.

एस.टी.तून माणसं उतरायची, 'इटालियन हॉटेल, स्वस्त व ताजे' ही पाटी वाचायची आणि विचारायची, "झुणका-भाकर हाय का?" असायची. तीच खपायची.

"पाटीवर तेच लिवा," सिंधूताई म्हणायची. "ते इटालीचं खूळ पुसून टाका. लोकं हसून राह्यले."

"हिंमत्यानं खाल्ल्यावर पुसतो."

"आन् त्यानं नाहीच खाल्लं तं?"

कचरू भट्टीत लाकूड सारायचा.

पाणी : गावातलं कुणी मागत नाही.

वीस वर्षांमागे, दुसऱ्या महायुद्धात, गावचे हिंमतराव आणि कचरू एकाच लष्करी गाडीवर होते. इटालीतल्या कुठल्याशा खेड्यात गाडी बंद पडली, तेव्हा एका म्हातारीने दोघांना घरात घेतलं आणि शेवयांची एकच परात पुढे ठेवली. भूक इतकी, की घास घेताना हाताला हात लागत होते. म्हातारीने कुणाची जात विचारली नाही. तिकडे तो हिंमत्या होता. दुसरबीडच्या शिवेत पाय ठेवला, आणि तो हिंमतराव पाटील झाला. कचरूच्या दारचं पाणीही त्याला चालेनासं झालं. पुढे कचरूने धर्म बदलला, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, रस्त्यावर हॉटेल टाकलं. पाणी तसंच राहिलं.

मात्र दर बाजारच्या दिवशी हिंमतराव यायचे. रस्त्यापलीकडे, कडुनिंबाखालच्या बाकावर बसायचे आणि प्रवाशांना ओरडून सांगायचे, "जेवा हो बिनधास्त! आपल्या कचऱ्याच्या हातच्या शेवया म्हंजे येक नंबर!"

शेवया कुणाच्या हातच्या, हा सिंधूताईचा आणखी वेगळा संताप.

"मंग या न पाटील," कचरू म्हणायचा.

"आज चतुर्थी हाय बे."

चतुर्थी नसली तर सोमवार, सोमवार नसला तर दाढ. हिंमतरावांच्या कृपेने सिंधूताईला वर्षाच्या साऱ्या चतुर्थ्या पाठ झाल्या होत्या.

आजही पलीकडून "येक नंबर!" आलं, आणि ती पिठाच्या हातांनी तशीच रस्त्यावर गेली.

"भाऊ, आज चतुर्थी नाही. सोमवार नाही. दाढ तुमी पोळ्याच्या टायमाले काढली." आत जेवणारे घास हातात धरून बघू लागले. "हा गुलाबराव रोज नावं ठेवते. लापशी म्हन्ते, डिंक म्हन्ते. पन खाऊन म्हन्ते! तुमी न खाता येक नंबर म्हनू नोका. नावं ठेवाचे तं ठेवा, पन जेवाले या. नाही तं आजपासून शेवया बंद. शेवयाचा पाट चुलीत घालते मी."

हिंमतराव उठले. धोतर झटकलं आणि गावाकडे चालू लागले.

"काऊन बोलली वं?" कचरूचा आवाज चिरकला. "समोर बसत तरी होता."

गुलाबरावची गाडी गेली. बाकं रिकामी झाली. सिंधूताईने डब्यातल्या उरल्यासुरल्या शेवया उकळत्या पाण्यात फेकल्या आणि रागारागात लगेच उपसूनही काढल्या. पहिल्यांदाच त्या सुट्या राहिल्या. तिचं लक्षच नव्हतं. रस्सा ढवळतानाही नव्हतं.

मीठ.

हिंमतराव परत आले ते गावातून नाही, शेतांमधल्या पायवाटेने. आत शिरले आणि कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसले.

कचरूने पितळी परात आणून दोघांच्या मध्ये ठेवली. ताट घेतलं नाही.

"सिंधूताई," हिंमतराव हळूच म्हणाले, "तो तरटाचा पडदा जरा खाली सोडा."

"दोरी तुटली," ती म्हणाली. दोरी तिच्या हातातच होती.

तेवढ्यात जालन्याकडची गाडी भोंगा वाजवत समोर उभी राहिली. धुरळा बसला तशी खिडक्यांतून माणसं डोकावू लागली. त्यांत गावचीही होती.

"पाटील हायेत का हो ते?" कुणीतरी मोठ्याने विचारलं.

हिंमतरावांनी वळून रस्त्याकडे पाहिलं. मग परातीकडे. बाही वर सारली आणि घास घेतला. बराच वेळ चावत राहिले.

"मीठ नाही बे कचऱ्या याच्यात."

आता हा यालाही बीबीला धाडतो की काय, म्हणून सिंधूताईने नवऱ्याकडे पाहिलं. "आनतो," म्हणून तो आत गेला, आणि किती वेळ झाला तरी बाहेर येईना.

मिठाची वाटी परातीपाशीच होती. सिंधूताईने डाव्या हातातली दोरी न सोडता ती पुढे सरकवली.