तेवढी चौकट

उभ्यानेच लिहायच्या त्या उंच टेबलावर तोकुजी ओणवा झाला होता आणि बायकोच्या इमिग्रेशनच्या कागदावर तिचं नाव इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर सुटं, मोठ्या काळजीने काढत होता. पेन विमानतळाचं होतं, साखळीला बांधलेलं, आणि साखळी आखूड. दर दोन अक्षरांनी ती हाताला ओढ द्यायची. तरी त्याचं अक्षर बिघडलं नाही. हे नाव त्याने अकरा वर्षांत इतक्या अर्जांवर लिहिलं होतं, की डोळे मिटूनही लिहिता आलं असतं.

तोंडाने मात्र ते त्याने क्वचितच घेतलं होतं. रोवेना फिलिपिन्समधून लग्न होऊन जपानात, यामागाताच्या त्या खेड्यात आली, तेव्हा त्याच्या आईने पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं, की हे नाव काही आपल्या जिभेला झेपायचं नाही, सुनेला हारुए म्हणायचं. गावानेही तेच उचललं. तोकुजीला दोन्ही नावं जड जायची. तो 'अगं' म्हणून वेळ मारून न्यायचा.

नाव झालं, जन्मतारीख झाली. पासपोर्टचा नंबर बघायला त्याने कोटाच्या आतल्या खिशातून तिचा पासपोर्ट काढला. तिचे कागद पहिल्यापासून त्याच्याच खिशात असत. हरवायला नकोत म्हणून. तिचं रहिवासी कार्डही तिथेच, पासपोर्टच्या पानांत घालून ठेवलेलं.

मग पेन त्या चौकटीकडे वळलं. कागदावरची खरी गोष्ट ती एवढीच होती. शेजारी छापलं होतं: मी तात्पुरती बाहेर जात आहे, परत येणार आहे. तिथे बरोबरची खूण केली तर रहिवासाचा हक्क टिकतो. नाही केली तर माणूस कायमचा निघाला असं धरतात आणि हक्क तिथल्या तिथे संपतो. पहिल्या खेपेला ती माहेरी निघाली होती तेव्हा गावच्या कचेरीतल्या कारकुनाने हे असं काही समजावलं होतं, की तोकुजी धास्तावलाच. तेव्हापासून तिन्ही खेपांना तो विमानतळापर्यंत आला होता आणि नंबर लिहून होताच ती खूण करून मोकळा झाला होता.

आज रोवेनाने कागदावर हात ठेवला.

"तेवढी चौकट राहू द्या. ती मी भरते."

"वाचता येतं का सगळं?"

"येतं."

तोकुजीला बरं वाटलं. खरं तर कौतुकच वाटलं. आईच्या आजारपणात नर्स आठवड्यातून दोनदा यायची आणि वहीत सूचना लिहून जायची. कोणती गोळी कधी, कूस कधी बदलायची, पाठीला कुठे फोड आलाय. ती वही वाचता वाचता रोवेना लिपी शिकली होती. नऊ वर्षांत पंधरा-सोळा वह्या झाल्या होत्या. त्याने पेन तिच्या हातात दिलं आणि आपला पासपोर्ट न्याहाळू लागला. सत्तावन्नाव्या वर्षी काढलेला पहिला पासपोर्ट, अजून पानं एकमेकांना चिकटलेली.

तोकुजीला प्रवासाची हौस नव्हती. चेरीची बाग सोडून तो चार दिवस कुठे गेल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. पण फेब्रुवारीत आई गेली, आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणात शेजारचा हिदेओ साके ओतता ओतता म्हणाला होता, "सासू गेली, आता सूनही उडणार बघ. वरच्या आळीतली नाही का गेली? दिवससुद्धा पुरे होऊ दिले नाहीत तिने." सगळे हसले. तोकुजीही हसला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि बर्फ थोडं ओसरताच तो तालुक्याच्या गावी जाऊन पासपोर्टचा अर्ज देऊन आला.

रोवेनाने दिवस पुरे केले. एकोणपन्नासाव्या दिवशी भिक्षू आला, मंत्र झाले, आईच्या अस्थी कबरीत ठेवल्या. घरी आल्यावर तिने पाहुण्यांची भांडी घासली, पुसून कपाटात लावली आणि म्हणाली, की तिची आई पडून आहे, जाऊन यायला हवं. मीही येतो, असं तोकुजी म्हणाला तेव्हा तिने आधी हातातलं फडकं वाळत घातलं. मग विमानात पाय सुजतात, तिथे उकडतं, माशा असतात, असं बरंच सांगून पाहिलं. तोकुजी हटला नाही. आठ दिवसांनी परतायची दोन तिकिटं त्याने काढली. मोहर यायच्या आत परतायला हवं होतं. मोहरावर एकदा दव गोठलं की वर्षाचं पीक गेलं, आणि राखणीला घरात दुसरं माणूस नव्हतं. पण खरी गोष्ट ती दोन परतीची तिकिटं होती. ती खिशात आहेत तोवर काही बिघडत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. सासरच्या चौदा माणसांसाठी चौदा मिठाईचे डबे घेतले होते, प्रत्येकावर नाव लिहून.

इमिग्रेशनला दोघांच्या रांगा वेगळ्या होत्या. तिचा पासपोर्ट आणि कार्ड त्याने तिच्या हाती दिलं आणि पलीकडे भेटू म्हणाला. जपान्यांना माणसासमोर उभं राहावंच लागत नव्हतं. यंत्राने त्याचा चेहरा पाहिला, फाटक उघडलं आणि तोकुजी देशाबाहेर पडला. इतक्या सहज, की त्याला थोडी निराशाच झाली. पासपोर्ट तर कोराच राहिला. बाजूच्या खिडकीत मागितला तर ठसा मारून मिळतो, असं एका पाटीवर दिसलं. तो हौसेने गेला आणि ठसा मारून घेतला. निळसर चौकोन, आत तारीख. हिदेओला दाखवता येईल, असं त्याच्या मनात आलं.

शाई वाळावी म्हणून पासपोर्ट उघडाच धरून तो परदेशी माणसांच्या खिडक्यांकडे बघत राहिला. रोवेना काचेसमोर उभी होती. आतला अधिकारी काही बोलला, तिने मान हलवली. त्याने कागद तिच्याकडे वळवून बोट ठेवलं आणि पुन्हा काही विचारलं. तिने पुन्हा मान हलवली, मग कमरेतून किंचित वाकून काही म्हणाली. अधिकारी उठला, मागच्या टेबलावर काहीतरी दाबलं आणि परत येऊन दोन्ही हातांनी तिचे कागद तिला दिले.

ती आली तेव्हा तोकुजीने सवयीने हात पुढे केला. तिनेही सवयीनेच पासपोर्ट आणि कार्ड त्यात ठेवलं. खिशात घालताना कार्डावर त्याचा अंगठा अडकला. त्याने बाहेर काढून पाहिलं. कार्डाला भोक होतं. गोल, स्वच्छ, कागद फाईलला लावायला पाडतात तसं.

"हे काय केलं यांनी?"

रोवेनाने खांद्यावरची पर्स सारखी केली.

"खूण राहिली वाटतं तुझी. तरी म्हणत होतो, मी करतो म्हणून. थांब तू इथेच."

तो तसाच खिडकीच्या मागल्या अंगाला गेला. अधिकारी कोवळ्या वयाचा होता, पण बोलण्यात अतिशय अदब. तोकुजीने आधी माफी मागितली. बायकोकडून चूक झाली, तिला वाचायला अजून थोडं जड जातं, दोष आपलाच, आपण लक्ष दिलं नाही, तेव्हा कृपा करून एवढं दुरुस्त करून द्यावं, असं तो दोनदा वाकून म्हणाला. परतीचं तिकीटही दाखवलं.

अधिकाऱ्याने तिकीट पाहिलं, आणि क्षणभर कुठे बघावं ते त्याला कळेना.

"मी त्यांना दोनदा विचारलं, काका. त्यांनी दोन्ही वेळा नीट उत्तर दिलं." मग आवाज उतरवून म्हणाला, "जपानी फार छान बोलतात त्या."

परत यायचंच झालं तर तिथल्या वकिलातीतून नव्याने अर्ज करता येईल, वेळ लागेल, असंही त्याने सांगितलं. अर्ज मात्र त्यांनी स्वतः करायला हवा. तोकुजीने त्याचे आभार मानले. दुसरं काय करणार?

रोवेना सांगितलेल्या जागी उभी होती. चौदा डब्यांच्या दोन्ही पिशव्या तिने आपल्या पायांशी ओढून घेतल्या होत्या. दोघं विमानाच्या दारापाशी जाऊन खुर्च्यांवर बसले. काचेपलीकडे विमान उभं होतं आणि माणसं त्यात सामान भरत होती. तोकुजीने ते सगळं सामान भरून होईपर्यंत पाहिलं.

"आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं तुम्ही?"

तो खोटं बोलू शकला असता.

"नाही," तो म्हणाला.

तिने मांडीवरचे हात एकमेकांत गुंफले. औषधं आणि साबणाच्या पाण्याने ते हात कायमचे लाल झाले होते.

"तुमच्या आईचे एकोणपन्नास दिवस झाले," ती म्हणाली. "माझी अजून जिवंत आहे."

तोकुजीला वाटलं, काहीतरी बोलावं. तिच्या आईला इकडे आणू, पैसे पाठवू, तिथे बाई ठेवू. प्रत्येक वाक्य त्याने मनात जुळवून पाहिलं आणि प्रत्येकाच्या शेवटी त्याला आपल्याच आईची खोली दिसली. नऊ वर्षांत त्या खोलीत तो रोज सकाळी डोकावायचा. बागेत जाताना, उंबऱ्यातून.

"तुम्ही हवं तर इथूनच मागे फिरा," रोवेना म्हणाली. "तब्येत बरी नाही म्हणून सांगा. सोडतात."

"डबे आहेत ना," तोकुजी म्हणाला. "नावं घातलीत त्यांच्यावर."

विमानात त्याला खिडकी मिळाली. पहिल्यांदाच उडत होता, पण बाहेर बघायचं त्याला सुचलं नाही. जेवण आलं, त्याने झाकण उघडून पुन्हा लावलं. रोवेनाने आपल्या ताटलीतला मासा वेगळा काढून त्याच्यापुढे ठेवला. घरी ठेवायची तसाच, काटे बघून. तो त्याने खाल्ला आणि त्याला एकदम रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

उतरायला तास असताना विमानातल्या मुलीने कागद वाटले. तिकडच्या इमिग्रेशनचे. रोवेनाला वेगळा कागद होता, तिच्या देशाच्या माणसांचा. तोकुजीला परदेशी माणसांचा मिळाला. त्याने उलटसुलट करून पाहिलं. त्यातलं एक वाक्य त्याला लागत नव्हतं.

"द्या इकडे," ती म्हणाली.

आपला कागद बाजूला ठेवून तिने त्याचा घेतला, त्याच्या खिशातून पासपोर्ट काढला आणि लिहू लागली. त्याचं नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर. तिचं इंग्रजी अक्षर त्याने कधी पाहिलं नव्हतं. भराभर लिहिलेलं, सुरेख होतं. आडनावापाशी तिला विचार करावा लागला नाही. धंद्यापुढे तिने 'शेतकरी' लिहिलं आणि त्याला सांगितलं. कुणाकडे उतरणार, याच्यापुढे आपल्या आईचं नाव आणि लांबलचक पत्ता लिहिला. मग पेन थांबलं.

"किती दिवस राहणार, विचारलंय."

तोकुजीने कागदाकडे पाहिलं. एक लहानशी चौकट होती, दोन आकडे मावतील एवढी.

"तेवढी चौकट राहू दे," तो म्हणाला. "ती मी भरतो. रोवेना."

नाव जरा चुकलंच. शेवटचं अक्षर लांबलं. तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे त्याने लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात पाहिलं होतं, मग कधी नाही. तिने पेन त्याच्या हातात दिलं. ते कुठे बांधलेलं नव्हतं.

तोकुजीने कागद मांडीवर घेतला. विमान ढगांखाली उतरलं होतं. खाली हिरवी भाताची खाचरं आणि पत्र्याची छपरं दिसू लागली, कुठल्याशा घरामागच्या दोरीवरचे कपडेसुद्धा. त्याने पेन टेकवलं, उचललं. आठ दिवसांनी कळ्या फुगतील. नवव्या-दहाव्या दिवशी थंडी परत येते, दरवर्षी येते. थंडीपासून मोहर राखायला पेटवायच्या शेकोट्यांची भांडी छपरात आहेत, तेल भरायचं राहिलंय. हिदेओला सांगता येईल. हिदेओ एक वर्ष बघेल. बापाने लावलेली ब्याण्णव झाडं. रोवेना त्याच्या हाताकडे बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती.

तोकुजीने आठ लिहिले.

तिने वाचलं. मग आधीच माहीत असल्यासारखी हळूच मान हलवली, कागदाची घडी केली, त्याच्या पासपोर्टात घातली आणि पासपोर्ट आपल्या पर्समध्ये ठेवला.

"राहू द्या माझ्याकडे," ती म्हणाली. "तुमच्याकडून हरवेल."