इरा विमानात असताना

माणूस गेल्याची बातमी लांबच्याला फोनवर द्यायची नाही, ‘जरा सीरियस आहेत, निघून ये’ एवढंच सांगायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. सरोजिनीबाईंनीही तेच केलं. आदल्या दुपारी दिवाकरराव जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, आणि बाईंनी टोरांटोला लेकीला फोन लावून सांगितलं, की बाबांना दवाखान्यात ठेवलंय, मिळेल त्या विमानाने ये.

इरा एकुलती एक. अग्नी तिनेच द्यायचा, असं दिवाकरराव चारचौघांत सांगून गेले होते. तेव्हा थांबणं आलंच. इंदिरानगरातल्या घरी हॉलमध्ये बर्फाची पेटी आली, आणि धाकटे दीर विश्वेशराव मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. टोरांटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत होते. दोह्याला विमान बदलायचं, मग मुंबई, मग गाडीने कसारा घाट. मोठ्याने वाचलं म्हणून अंतर थोडंच कमी होणार होतं!

विश्वेशरावांचं म्हणणं, पोरीला खरं काय ते सांगून टाकावं. दारात आल्यावर कळलं तर कोसळेल. पण बाई हट्टाला पेटल्या होत्या. परक्या माणसांत पट्टा बांधून इतके तास बसायचं, उठून कुठे जायची सोय नाही, आणि त्यात हे ओझं? छे, त्या काही ऐकेनात. इरा पोचेपर्यंत या घरात कोणी मोठ्याने रडायचं नाही, असं त्यांनी बजावलं. फोनवर मागून रडणं ऐकू आलं तर पोर लगेच ओळखेल. स्वतःच्या डोळ्यांतून तर त्यांनी टिपूसही काढला नाही. भेटायला आलेल्या बायका जिन्यात कुजबुजल्या, की बाई भलतीच घट्ट आहे हो. आत काळीज नुसतं तुटत होतं, ते कोणाला दिसणार?

दिवेलागणीला दोह्याहून फोन आला. फोन बाबांच्या कानाला लाव, इरा म्हणाली.

नाही म्हणावं तर संशय यायचा. बाईंनी खुणेनेच विश्वेशरावांना पेटीचं झाकण काढायला लावलं आणि फोन त्या गार कानाशी धरला. खोलीत कोणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

“बाबा, येतेय मी. तुम्ही सांगून ठेवलंय ते मीच करीन. काळजी करू नका.”

मग तिने फोन आईकडे मागितला. झोप लागलीय गं त्यांना, औषधाची गुंगी आहे, असं काहीबाही बाई बोलू लागल्या. इराने त्यांना मधेच थांबवलं.

“आई, इतक्या वर्षांत तू मला एकदाही ये म्हणाली नाहीस. काल म्हणालीस, तेव्हाच कळलं मला. माझं विमानात रडून झालंय. तू अजून रडली नसशील. रड आता.”

सरोजिनीबाई पेटीला धरून खाली बसल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला. पलीकडे मुंबईच्या विमानाची हाक येईपर्यंत इराने फोन ठेवला नाही.