रजिस्टरातलं जास्तीचं वर्ष

एक जून उजाडला की दत्तोपंत गुरुजींचा फोन सकाळपासून जो थरथरू लागे, तो दुपारच्या जेवणापर्यंत थांबत नसे. रुईवाडीच्या ग्रुपवर त्या दिवशी अर्धं गाव उरलेल्या अर्ध्या गावाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देई, आणि मग सगळे मिळून गुरुजींना हात जोडत. तारीख गुरुजींनीच दिलेली होती ना! अठरा वर्षं ते रुईवाडीच्या शाळेत होते. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की तो सांगे, ‘कापूस निघत होता तवा,’ नाहीतर ‘आमची म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिशी.’ मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. हात कानाला पोचला की पोर शाळेजोगतं झालं, आणि दाखल-खारीज रजिस्टरात सुवाच्य अक्षरात एक जून लिहिला जाई. या कारभारात सिद्धोधन आणि त्याचा धाकटा भाऊ पंडित एकाच साली, एकाच दिवशी जन्मले. जुळे मात्र नव्हते. अजूनही कुठल्या कचेरीत गेले की दोघांना हा किस्सा आधी सांगावा लागतो.

दरवर्षी निवृत्त गुरुजी मानवत शहरातल्या घरी खुर्चीत बसून एकेक शुभेच्छा वाचत आणि अनसूयाबाईंना ऐकवत. यंदा त्यांनी फोन पालथा घालून ठेवला होता.

कारण भक्ती येणार होती. रुईवाडीच्या भागवतची ही थोरली. शिष्यवृत्ती मिळवून आयर्लंडला गेली होती, लहान मुलांची आणि प्राथमिकची शिक्षिका व्हायची पदवी घ्यायला. गुरुजींनी ही बातमी अर्ध्या मानवतला सांगितली होती. भाजीवालीलासुद्धा. पण आठ दिवसांपूर्वी तिचा गावाहून फोन आला. ‘‘गुरुजी, सुट्टीवर आलेय. माझ्या जन्मतारखेचं जरा काम हाय तुमच्याकडं. एक तारखेला येऊ का?’’

त्या दिवसापासून गुरुजींचं जेवणात लक्ष नव्हतं. पाचशे पोरांच्या तारखा त्यांनी लिहिल्या, पण भक्तीची लिहिताना पेन क्षणभर थांबलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. तिचा हात कानाला पोचला नव्हता. चांगली दोन बोटं कमी पडली होती.

उन्हं चढायच्या आत भक्ती आली. पाया पडली, अनसूयाबाईंच्या हातचं पन्हं एका दमात प्याली आणि दुसरा पेला मागितला. अंगानं भरली होती, केस कापले होते. पण बसली ती खुर्चीवर नाही, खाली फरशीवर मांडी घालून, पहिलीत बसायची तशीच. गुरुजींना बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

‘‘काय शिकवतात गं तिकडं?’’ त्यांनी मूळ विषय लांबणीवर टाकला.

‘‘खेळायला शिकवायलेत, गुरुजी!’’ ती हसली. ‘‘सहा वर्षांपर्यंत पोरांनी नुसतं खेळायचं. माती, पाणी, ठोकळे. आमाला त्याच्यावर परीक्षा असती.’’ मग ती जरा थांबली. ‘‘पयल्या वर्षी बाईंनी सांगितलं, साडेचार वर्षांच्या लेकराच्या हाताची हाडं अजून पुरती भरलेली नसतात. त्याला बारीक अक्षर काढायला लावू नये. काढता आलं न्हाई की त्याला वाटतं, आपल्यातच खोट हाय. मी तिथं वर्गातच रडले.’’

पंखा तेवढा घरघरत होता.

‘‘दहा वर्ष मला वाटायचं, मी ढ हाय. समद्यांना यायचं, मला यायचं न्हाई. मी त्यांच्याहून लहान हाय, हे कुणी सांगितलंच न्हाई मला.’’

हे ती रागानं बोलली असती तर गुरुजींना सोपं गेलं असतं. रागावलेल्या पालकांना शांत करण्यात त्यांचा हातखंडा होता. पण ती साध्या आवाजात बोलत होती.

‘‘भक्ती, बाळा,’’ ते म्हणाले, ‘‘तू घरी राहिली असतीस तर तुझ्या आईनं तुला कापसाच्या रानात नेलं असतं. म्हणून घेतलं तुला.’’

हे उत्तर त्यांनी आठ दिवस घोळून तयार केलं होतं. बोलून झाल्यावर त्यांनी अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्या पदरानं पेला पुसत होत्या, आणि वर बघत नव्हत्या.

भक्तीनं मान हलवली आणि पिशवी पुढे ओढली. ‘‘माझं काम निराळंच हाय. तिकडच्या शाळेत पोराचा वाढदिवस असा करतात: मधी मेणबत्ती, तो सूर्य. पोरानं पृथ्वीचा गोल हातात धरून त्याच्याभोवती फिरायचं. एक फेरी म्हंजी एक वर्ष. फेरी चालू असताना त्या वर्षी काय घडलं ते घरच्यांनी सांगायचं. मी तिथं शिकवायला होते तर एका पोरीनं मला विचारलं, टीचर, तुझ्या फेऱ्या कोण सांगणार? मला सांगताच येईना. पयली चार वर्ष आईनं सांगितली. म्होरची तिला ठाऊक न्हाईत. ती दिवसभर रानात, मी दिवसभर तुमच्याजवळ.’’ तिनं कपाटाकडे बोट केलं. ‘‘आपल्या शाळेतला गोल अजून हाय न्हवं?’’

होता. शाळेत नवा आला होता, म्हणून गावानं निरोपसमारंभात जुना गोल गुरुजींनाच देऊन टाकला होता. हिंदी महासागरात पोचा पडलेला, पण फिरत होता. अनसूयाबाईंनी समई आणून खोलीच्या मध्यावर ठेवली, वात लावली आणि दिवा विझू नये म्हणून पंखा बंद केला. जूनचा उकाडा भसकन अंगावर आला.

भक्ती गोल छातीशी धरून चालू लागली. पहिल्या फेरीला तिनंच सांगितलं: येळवशीचा, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येचा, दिवस होता, सगळं गाव शेतात जेवायला गेलेलं, आईनं आंबिलाचं मडकं उतरवलं आणि तिथंच कळा सुरू झाल्या. दुसऱ्या फेरीत ती चालायला लागली, तिसरीत विंचू चावला, चौथीत धाकटा भाऊ झाला. पाचवी फेरी सुरू झाली आणि ती गुरुजींकडे बघत चालू लागली.

‘‘ह्या वर्षी तू शाळेत आलीस,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘भागवतच्या खांद्यावर बसून. पाटीवरची पेन्सिल तुझ्या बोटांत राहीना, सारखी गळून पडे. मग मी हिच्या जुन्या साडीची चिंधी नेली आणि पेन्सिलीला गुंडाळून जाड केली.’’

‘‘तिकडं तसल्या जाड पेन्सिली इकत मिळतात, गुरुजी,’’ भक्ती चालता चालता म्हणाली. ‘‘बाईंनी दाखवल्या तवा मी म्हणलं, आमच्या गुरुजींनी ह्या साडीच्या केल्या होत्या.’’

‘‘खिचडी खाल्ली की तू बसकरपट्टीवर झोपायचीस. रोज. मग मी पोरांना सांगायचो, पाढे हळू म्हणा, भक्ती झोपलीय. तीस-पस्तीस पोरं कुजबुजत बे एके बे म्हणायची.’’ गुरुजींना तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला. खिडकीतून येणारा कडुनिंबाचा वास, पाट्यांवरचं ओलं फडकं आणि कुजबुजीत म्हटलेले पाढे. त्या दुपारी परत मिळाव्यात म्हणून त्यांनी काहीही दिलं असतं, आणि नेमकं त्या दुपारी कशामुळे मिळाल्या तेच ते लपवत होते. ते सहन होईना.

‘‘थांब,’’ ते म्हणाले. ती समईजवळ उभी राहिली.

‘‘मघाशी मी खोटं बोललो. कापसाचं काही नव्हतं. त्या साली शाळेचा पट एकानं कमी पडत होता. तो भरला नसता तर दोघांतला एक शिक्षक जास्तीचा ठरला असता, आणि तो मीच. येलदरी धरणापलीकडच्या एका वस्तीवर जावं लागणार होतं. मला जायचं नव्हतं. तुझ्या बापानं मला स्वच्छ सांगितलं होतं, येळवशीला चार भरली म्हणून. तुझा हात कानाला पोचला नाही हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तरी पाच पूर्ण लिहिली. माझ्या सोयीसाठी लिहिली. तू ढ नव्हतीस, पोरी. मी तुला ढ केलं.’’

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. भक्तीनं गोल सावरून पाचवी फेरी पुरी केली आणि पुढे चालू लागली.

पुढच्या तीन फेऱ्या गुरुजींनी सांगितल्या. कागदी नवरा-नवरीचं लग्न, पडलेला दात, चौथीचा निरोप. मग तिच्या स्वतःच्या फेऱ्या आल्या आणि ती भराभर चालली. दहावीला गणितात गेली, ऑक्टोबरला परत बसली. बारावी. शिक्षणाची पदविका. परभणीतली बालवाडी. विमान. गुरुजी सवयीनं बोटांवर मोजत होते. तेवीस झाल्या आणि ती थांबली.

‘‘चोवीस पाहिजेत,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘रजिस्टरात चोवीस होतात. एक राहिली.’’

‘‘ती माझी न्हाई, गुरुजी. ती तुमी लिहिलेली हाय.’’ तिनं गोल त्यांच्यापुढे धरला. ‘‘ती तुमी फिरा.’’

अनसूयाबाई म्हणाल्या, ‘‘अगं, त्यांचे गुडघे...’’ पण गुरुजी उठले होते. एका हातानं खुर्चीची पाठ सोडली, दोन्ही हातांनी गोल धरला आणि समईभोवती पाय ओढत निघाले. फेरीत काहीतरी सांगायचं असतं, हे त्यांना दोन पावलांनंतर आठवलं.

‘‘ह्या वर्षी भक्ती शाळेत आली नाही,’’ ते म्हणाले. ‘‘घरीच होती. बापानं घरात कापसाचा ढीग घातला होता, त्यात उड्या मारत होती. मातीच्या भाकरी थापत होती. दुपारी आईच्या पदराखाली झोपत होती, तिला कुणी उठवत नव्हतं.’’ ते समईच्या पलीकडे पोचले. धाप लागली होती. ‘‘आणि पुढच्या जूनला तिचा हात कानाला पोचला. मग ती शाळेत आली.’’

‘‘मंग गुरुजी कोण होते तिला?’’ भक्तीनं विचारलं.

गुरुजी थांबले. अर्धी फेरी बाकी होती. खोटं बोलायची आता सोय नव्हती.

‘‘दुसरं कुणीतरी,’’ ते म्हणाले. ‘‘मी येलदरीकडं गेलो असतो.’’

‘‘म्हंजी चिंधी न्हाई.’’

‘‘नाही.’’

‘‘आन् पाढे समदे मोठ्यानंच.’’

भक्ती पुढे झाली, त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि उरलेली अर्धी फेरी त्यांच्या बरोबरीनं हळूहळू चालली. सुरुवातीच्या जागी आल्यावर तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, गोल मांडीवर ठेवला आणि आपण पुन्हा खाली फरशीवर बसली.

‘‘राहू द्या मंग रजिस्टरात हाय तसंच,’’ ती म्हणाली.

अनसूयाबाईंनी समई उचलून आत नेली आणि पंखा लावला.