कालिखचा शेवट

प्रीतमनं पेटी खाली टेकवली अन् पांढऱ्या टाइल्सवर गंजाची लाल रेघ उमटली. अनिशच्या आईनं स्वयंपाकघरातून डोकावून आधी ती रेघ पाहिली, मग प्रीतमचे पाय पाहिले, अन् आत गेली.

“असू दे, पुसता येते,” अनिश म्हणाला. त्याचं सगळं लक्ष पेटीवर होतं. “उघड ना.”

शहराच्या एका टोकाच्या वाडीपासून दुसऱ्या टोकाच्या बेसापर्यंत ही पेटी प्रीतमनं पार्सलच्या ऑटोत पायांमध्ये दाबून आणली होती. रस्त्यानं दोनदा वाटलं, परत फिरावं. पण अनिशनं फोनवर पाठवलेला फोटो डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ‘कालिख’ या कॉमिक्स मालिकेचा शेवटचा भाग, पॅक. अनिशला जबलपूरच्या कुठल्या तरी बंद छापखान्यातून दोन सापडले होते. एक तो द्यायला तयार होता, जुन्या सगळ्या भागांच्या बदल्यात. ही कॉमिक्स जमवणाऱ्या कालिखवाल्यांमध्ये पैशाची गोष्ट काढत नसत. वस्तूला वस्तू.

प्रीतमनं कडी काढली. आत एकावर एक रचलेली कॉमिक्स, वर मोठ्या भावानं, धम्मादादानं घातलेली जुनी चादर.

“बाप रे,” नंदिनी म्हणाली. ती वकिलीचं शिकत होती अन् दर रविवारी बर्डीच्या बाजारातल्या फूटपाथवर जमणाऱ्या कालिखवाल्यांमधली एकटीच मुलगी होती. भांडायला मात्र सगळ्यांच्या पुढे. “पूर्ण सेट हाये अनिश! तू मरशील आता.”

अनिश पांढरे हातमोजे घालून बसला होता. त्याच्या मागं काचेचं कपाट, आत लाइट, अन् प्रत्येक कॉमिक्स वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. दवाखान्यात बाटल्यांमध्ये काहीबाही ठेवतात ना, तसं. त्यानं पहिलं कॉमिक्स उचललं, कव्हर उलटलं, अन् थांबला.

“अरे, नाव लिहून आहे याच्यावर.”

कव्हरच्या आत निळ्या पेनानं लिहिलेलं होतं: धम्मानंद. त्याच्याखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत: अन् प्रीतम.

“सगळ्यांवर आहे?”

“हो. मंग?” प्रीतमचं डोकं तडकलं. “आमचे आहेत तं आमचंच नाव राहीन ना, अनिशभाऊ. तुमचं टाकाव लागत होतं काय?”

नंदिनी फिस्सकन हसली. अनिशनं पुढचं कॉमिक्स उचललं. एकेक काढून पाहत राहिला. कुठं चहाचा गोल डाग, कुठं पान दुमडलेलं, कुठं हळदीचं बोट. प्रत्येक डागाशी त्याचा चेहरा आंबट व्हायचा अन् प्रीतमला वाटायचं, एक ठेवून द्यावी.

कालिख काही चांगला माणूस नव्हता. तेच तर त्याचं होतं. कोळशाच्या खाणीत आग लागली, मालकानं मजूर आत असताना तोंड बुजवून टाकलं, अन् त्यातून हा एक जळका माणूस बाहेर निघाला. तो कोणाला वाचवत नव्हता. पोलिसांना मारायचा, शेठांना मारायचा, एकदा तर माफी मागणाऱ्यालाही मारलं. जिथं काम झालं तिथं भिंतीवर काळा पंजा उठवून जायचा. कॉमिक्स हिंदीत होती. पण दादा वाचून दाखवायचा तेव्हा त्यातले सगळे वाडीतल्यासारखे बोलायचे. शेठ म्हणायचा, “काहून बे, माह्या गोदामात काहून आला?” अन् कालिख म्हणायचा, “तुह्या हिशेबाले आलो.” प्रीतम कितीतरी वर्षं समजत होता की तसंच छापलेलं आहे.

“धम्माभाऊ कसे आहेत?” अनिशनं मान वर न करता विचारलं.

“आहे.”

त्याहून जास्त सांगण्यासारखं नव्हतं. मागच्या वर्षी गोदामात मालाच्या गठाणींची थप्पी दादाच्या अंगावर आली, तेव्हापासून कमरेखालचं अंग त्याचं राहिलं नव्हतं. पहिले काही महिने तो बोलायचा, चिडायचा, डॉक्टरला शिव्या द्यायचा. मग त्यानं तोंड भिंतीकडं केलं ते केलंच. आई भरवायची तेवढंच खायचा. आज प्रीतमनं खाटेखालून पेटी ओढली तेव्हा पत्र्याचा केवढा आवाज झाला. दादानं ‘कुठी नेऊन राहिला?’ एवढंही विचारलं नाही. तिथंच प्रीतमचं पक्कं झालं. दुसरं काही याला भिंतीवरून वळवणार नाही. शेवटचा भागच आणावा लागेल.

अनिशनं कपाटातून तो आणला. दोन्ही हातांवर, आरतीचं ताट आणावं तसा. प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं, पण पॅक होतं.

“एक सांगतो, प्रीतम. उघडू नको. सील तुटली की वस्तू मेली समज.”

“दादा वाचीन ना पण.”

“त्यांनी तर वाचली आहे!” अनिश म्हणाला. “इतवारीत, कॉमिक्स भाड्यानं देणाऱ्या दुकानात, लहानपणी, उभ्याउभ्या. आपल्या सगळ्यांत एकट्या धम्माभाऊंनीच वाचली आहे. शेवट तर आपल्याला पाठ आहे.”

“सांग ना, सांग,” नंदिनीनंच सुरू केलं. बैठक मोडताना हा शेवट कोणीतरी सांगायचाच, ती त्यांची रीतच होती. “कालिख घरी जाते. तोंड जळून काळं, माय ओळखतच नाही. दारात उभा पाहून म्हणते, पाणी पिशीन काय रे बाबू? तो पाणी पिते. काही बोलत नाही. जाताजाता तिचा रिकामा ड्रम भरून ठेवते. अन् सकाळी माय पाह्यते तं काय, ड्रमच्या काठावर काळा पंजा.” तिनं हाताचा पंजा हवेत धरला. “माह्या तं अंगावर काटा येते बाप्पा, दर वेळी.”

प्रीतमच्याही अंगावर यायचा. तो नऊ-दहा वर्षांचा असताना ताप भरला होता अन् शेवटचा भाग कुठंच मिळत नाही म्हणून त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा दादानं कपाळावर ओली पट्टी ठेवत पहिल्यांदा हा शेवट सांगितला होता.

पेटी तिथंच राहिली. निघताना त्यानं वळून पाहिलं तर अनिश रबरानं एका कव्हरच्या आतलं नाव खोडून पाहत होता. पेनाचं होतं. खोडलं जात नव्हतं.

मानेवाडा चौकात ऑटोची वाट पाहताना प्रीतमनं प्लॅस्टिक फाडलं.

फाडायचं नव्हतं. पण हातातली वस्तू बंद ठेवणं त्याला कधी जमलंच नाही. शाळाही अशीच सुटली, मास्तरनं फेकून मारलेलं डस्टर त्यानं जसंच्या तसं परत फेकलं होतं. त्याच महिन्यात दादावर थप्पी पडली, अन् परत जायचा प्रश्न मिटला. दादाच्याच गोदामात, दादाच्याच जागी तो लागला.

डिव्हायडरवर बसून त्यानं वाचलं. मग पहिल्या पानापासून परत वाचलं. मग नुसतीच पानं उलटत राहिला, आजूबाजूला ट्रॅफिक वाजत होतं.

आई नव्हतीच.

घर नव्हतं, ड्रम नव्हता, पाणी नव्हतं. कालिख निम्म्या कॉमिक्समध्येच एका पडक्या मिलमध्ये घेरला जातो. पाठीत गोळी. उरलेली पानं शेठ अन् पोलीस साहेबाच्या पार्टीची. शेवटच्या पानावर हातगाडीवर गोणपाटाखाली दोन पाय, अन् दोन शिपाई. एक विचारतो, ‘नाम क्या लिखूँ?’ दुसरा म्हणतो, ‘लावारिस लिख दे.’ त्याच्याखाली पेपरमिंटच्या गोळ्यांची जाहिरात. एक पोरगा दात दाखवून हसतो आहे.

“खोटारडा,” प्रीतम मोठ्यानं म्हणाला. बाजूला उभ्या बाईनं बॅग छातीशी धरली.

अन् मग त्याला दिसलं. ‘पाणी पिशीन काय रे बाबू’ हे टँकरच्या ड्रायव्हरला कोण म्हणतं? निळा ड्रम कोणाच्या दाराशी आहे? मालिकेच्या एकाही भागात कालिखला आई नव्हती. इतकी वर्षं हे सगळे हुशार, हातमोजेवाले लोक अंगावर काटा आणून सांगत होते ते त्याच्या आईचं, कांताबाईचं घर होतं. दादानं ते दुकानात वाचलं नव्हतं. तापात रडणाऱ्या भावासाठी तिथल्या तिथं बनवलं होतं.

राग गेला नाही. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी हललं. ज्यानं एकदा बनवलं त्याला परत बनवता येईल. नुसतं म्हणायचं, वाचून दाखव.

त्यानं गोदामापाशी उतरून पॅकिंगची चिकटपट्टी घेतली अन् फाटलेलं प्लॅस्टिक बंद केलं. रोज शेकडो खोके चिकटवणारा हात होता, तरी हे वाकडंच चिकटलं.

खोलीसमोर ट्रक लागले होते. आत कांताबाई पोळ्या लाटत होती. दिवसभर होस्टेलच्या मेसमध्ये लाटायच्या अन् घरी येऊन परत लाटायच्या. दादाची पाठ तशीच.

“दादा. शेवटचा भेटला.”

पाठ हलली नाही.

“कालिखचा. खरंच.” त्यानं ते कॉमिक्स भिंत अन् दादाच्या तोंडाच्या मधल्या फटीत धरलं.

बऱ्याच वेळानं दादाचा हात आला अन् त्यानं ते धरलं. मग कोपरावर जोर देत तो वळला. कांताबाईचं लाटणं थांबलं. दादाची दाढी वाढली होती अन् भिंतीच्या बाजूच्या गालावर चुन्याची भुकटी लागली होती.

“फोडेल आहे,” तो म्हणाला. किती दिवसांनी बोलला, आवाज गंजल्यासारखा झाला होता.

“तसाच भेटला. मी नाही वाचला. तू वाच ना. पह्यल्यासारखा.”

दादानं पट्टी काढली. आधी शेवटचं पान उघडलं. त्या पानाकडं तो पाहत राहिला, अन् प्रीतम त्याच्याकडं. मग दादानं डोळे वर केले. प्रीतमनं चेहरा शक्य तेवढा कोरा ठेवला. भोळा, नऊ वर्षांचा.

दादा पहिल्या पानावर आला अन् वाचू लागला.

हिंदीत. जसं छापलं होतं तसं. शेठ हिंदीत बोलला, पोलीस हिंदीत बोलले. कुठंच आवाज बदलला नाही.

“आपल्या भाषेत वाच ना गा,” प्रीतम म्हणाला.

“असंच लिहून आहे.”

पानं उलटत गेली. पडकी मिल आली. गोळी लागली. प्रीतम वाट पाहत होता. आता. आता दार येईल. आता कोणीतरी विचारेल, पाणी पिशीन काय. दादानं पार्टीची पानं वाचली, हातगाडी वाचली, अन् म्हणाला, “‘नाम क्या लिखूँ?’ ‘लावारिस लिख दे.’” मग कॉमिक्स मिटून छातीवर ठेवलं.

“झालं?” कांताबाईनं विचारलं. “मेला काय तो?”

“हो.”

“अन् माय नोहोती काय त्याची?”

“नाई,” दादा म्हणाला. “दाखवली नाही.”

तव्यावरची पोळी जळत होती. कांताबाईनं ती हातानंच उलटली.

“पेटी देली काय त्याच्यात?” दादानं विचारलं.

प्रीतमनं मान हलवली.

“बरं केलं. जागा झाली.” अन् तो परत भिंतीकडं वळला. वळायलाही त्याला हातांनी पाय उचलून ठेवावे लागले.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. प्रीतम उठला. बादल्यांच्या रांगेत भांडला, कोणाच्या तरी पायावर बादली आदळली, शिव्या दिल्या-घेतल्या. निळा ड्रम काठोकाठ भरला. मग तो समोर लागलेल्या ट्रकच्या खाली वाकला अन् उजवा पंजा एक्सलवर घासला. तेलाचा चिकट काळा थर बोटांच्या मधेसुद्धा बसला. दारात येऊन त्यानं तो पंजा ड्रमच्या काठाखाली, खाटेवरून मान वळवली की सरळ दिसेल अशा जागी, दाबून उठवला. पाचही बोटं नीट आली. मग तो हात पाठीमागं धरून ट्रकच्या पायरीवर जाऊन बसला. दादाला हाक मारायची नव्हती. हाक मारली तर त्या पंजाचं काहीच राहिलं नसतं.

कांताबाई तांब्या घेऊन ड्रमाशी आली.

“कोण मेल्यानं हात पुसला वं इथी,” ती स्वतःशीच पुटपुटली. ओचा खोचला, ओलं फडकं घेतलं अन् साबण लावून घासू लागली. तेल लवकर निघेना. खसखस आवाज खोलीभर होत राहिला.

“काय घासून राहिली, आई?” आतून दादाचा आवाज आला. खाट करकरली.

प्रीतम पायरीवरून अर्धा उठला.

दादा वळून, कोपरावर उठून दाराकडं पाहत होता. ड्रम ओला होता, निळा, चकचकीत.

“काही नाही रे बाबू,” कांताबाई फडकं पिळत म्हणाली. “डाग होता. गेला.”