दातांना घट्ट ग्रीस

जीवघेणा आजार हातांपर्यंत पोचला, बोटं निकामी झाली, तेव्हा नवऱ्याने आपली लाडकी, बॅटरीवर प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारी एअरसॉफ्ट बंदूक मित्राला द्यायचं ठरवलं. पण तिचा गिअरबॉक्स करकरत होता. बायकोने तो टेबलावर उघडला आणि शिलाई मशीनचं तेल उचललं.

“अगं, ते नको! पिस्टनची रबरी रिंग फुगेल. तिला सिलिकॉनचं तेल, गिअरच्या दातांना घट्ट ग्रीस. आणि जरा हात आखडता घे.”

“बरं, साहेब!” म्हणत तिने एकेक दात माखला. सगळं पुन्हा जोडून चाप ओढल्यावर गिअर अलगद फिरले. त्याचे डोळे भरून आले.

संध्याकाळी मित्र बंदूक न्यायला आला.

“दर वर्षी ग्रीस बदल,” नवरा म्हणाला. “काही अडलं तर वहिनीला विचार.”

‘मला विचार’ असं तो का म्हणाला नाही, ते तिघांनाही कळलं.