रविवारची पाच दहाची बस

वाहतूक खात्याच्या साहेबांनो, आमची पहाटे पाच दहाची बस तुम्ही मारलीत. रेल्वे आणली, असले उपकार सांगू नका. कॅप्स्टन बीचला आम्ही घर बांधलं तेव्हा वाळूत एक पाटी होती, ‘इथे स्टेशन होणार’. तिचा रंग उडून गेला तरी रूळ आले नव्हते. अकरा वर्षं. तोवर पर्थपासून इथवर किनाऱ्याकिनाऱ्याने घरंच घरं उठली. मी चुनखडीच्या दगडाच्या भिंती बांधतो, पंधराव्या वर्षी शाळा सोडली, मला गोड लिहिता येत नाही.

गेल्या वर्षी मला फिट आली आणि लायसन्स गेलं. बायको, नायरी, गाडी शिकलीच नाही. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ती शनिवार-रविवार रोग्यांची न्याहारी लावते. सहाला हजर. शनिवारी तुमची गाडी पाचला सुटते. रविवारी पहिली गाडी सात वीसला! रविवारी काय रोगी उपाशी असतात?

आधी रविवारी बस होती. मर्व्ह चालवायचा. पहाटे त्याचं तिकिटाच्या कार्डाचं मशीन चालू व्हायला वेळ लागे. आम्ही थंडीत रांगेत उभे. तो म्हणायचा, “या रे आत, ते अजून झोपलंय.” मग मशीन जागं असलं तरी एक जण सोडला तर कोणी कार्ड लावेना. सहा वर्षं. नायरी त्याला घरी भाजलेला गरम स्कोन, गोडसर पाव, द्यायची. उतरताना प्रत्येक जण “थँक्यू, मर्व्ह” म्हणायचा, इकडे त्याशिवाय कोणी बसमधून उतरत नाही. आम्हाला वाटायचं, झालं आपलं तिकीट.

स्टेशनच्या उद्घाटनाला आम्हीही गेलो. फुकटचे सॉसेज खाल्ले, फुकट फेरी मारली, टाळ्या वाजवल्या. पुढच्याच रविवारी बस बंद.

लायब्ररीच्या हॉलमध्ये सभा झाली. तुमचा माणूस टॅबलेट घेऊन आला होता. म्हणाला, “रविवारच्या पहिल्या बसला सरासरी एक प्रवासी होता.”

“एक?” नायरी उठली. “अहो, आम्ही चौदा जण असायचो!”

“नोंद एकाचीच आहे, मॅडम.”

“तो बर्नार्ड,” मागून कोणीतरी ओरडलं. “इंग्लंडहून आलाय तो, रिकाम्या रस्त्यावरही रांग लावतो!”

हॉल हसला. बर्नार्ड तांबडा झाला. “नियम होता म्हणून लावायचो कार्ड,” तो पुटपुटला. “तुम्हाला कितीदा सांगितलं.”

सांगितलं होतं. आम्ही त्याची टिंगल केली होती. आमची चूक, मान्य.

मग मर्व्ह उभा राहिला. त्याच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत, गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं. “मीच त्यांना तसंच आत घ्यायचो,” तो म्हणाला. “चौदा होते. मी दर रविवारी आरशात बघायचो की.”

तुमचा माणूस म्हणाला, “आरशाची नोंद आमच्याकडे नसते.”

“मग पुढच्या वेळी आरसाच पाठवते तुम्हाला,” नायरी म्हणाली, “स्वतःचं तोंड बघा त्यात.”

मर्व्हच्या चौकशीचं पत्र मात्र दुसऱ्याच दिवशी आलं. वेळेवर.

दोन रविवार नायरीला शेजाऱ्याने सोडलं. तोही आता खाणीच्या कामावर उत्तरेला गेला. स्वयंपाकघराच्या मुख्य बाईने तिला महिनाअखेरपर्यंत सांभाळून घेतलंय. त्यानंतर रविवार दुसऱ्या कोणाला.

म्हणून परवाच्या रविवारी पाचच्या ठोक्याला आम्ही चौदाही जण तुमच्या नव्या स्टेशनवर गेलो. फाटक बंद. आतून पहारेकरी म्हणाला, “अहो, गाडी सातनंतर आहे.”

“माहीत आहे, बाळा,” नायरी म्हणाली.

कार्डाची मशीनं फाटकाबाहेर भिंतीवर आहेत. सगळ्यांत पुढे बर्नार्ड. कार्ड लावलं, टुक् वाजलं. मग बाकीचे तेरा, एकामागून एक. कोणी वगळलं नाही. नायरीने शेवटी लावलं आणि त्या दिवशी ती कामावर पोचलीच नाही.

संध्याकाळी पाहिलं तर, उतरताना कार्ड लावल्याची नोंद नाही म्हणून, चौदाही कार्डांतून तुम्ही पूर्ण भाडं कापलेलं. म्हणजे तुमच्या टॅबलेटवर आता आम्ही प्रवासी आहोत. पाच वाजून तीन मिनिटांनी, चौदा.

पुढच्या रविवारी पुन्हा येतोय. महिना संपायला तो एकच रविवार उरलाय. आमची गाडी किंवा बस किती वाजता आहे? आकडा लिहून कळवा.