पाण्याखेरीज एक अक्षर नाही

सुज्ञ वाचकांस प्रारंभीच विदित करतो की, खडकमळा या वस्तीवर दररोज सकाळी भोंग्यावरून होणारा बालकांचा लघुपाठ कोणत्या हेतूने सुरू झाला, त्यास वैर कसे चिकटले, आणि तो बंद पाडण्यासाठी भरलेल्या बैठकीत काय घडले, हे पुढील मजकुरात क्रमाने कथन केले जाईल. कथा लहान आहे. तिच्यातील राग मात्र लहान नाही.

आमचा खडकमळा येडगाव धरणाच्या पाणफुगवट्याच्या वरच्या अंगास वसलेला आहे. तेथे नळाचे पाणी सोडण्याचे काम माझ्याकडे आहे. सकाळी टाकीखालचा वॉल फिरवावा आणि देवळाच्या खोलीत जाऊन भोंग्यावर वर्दी द्यावी, असा रिवाज आहे. वरच्या आळीस पाणी तत्काळ पोहोचते. खालच्या आळीस पोहोचेपर्यंत बराच विलंब लागतो. त्या अवधीत घरोघरची मुले हंडे, कळश्या मांडून, हातात रबरी नळी धरून, नळापाशी तिष्ठत असतात. एवढी मुले एकाच वेळी जागी, मोकळी आणि कंटाळलेली असताना भोंगा मुका ठेवणे मला पाप वाटू लागले.

माझे शिक्षण सातवीपाशी थांबले; वाचनाची ओढ थांबली नाही. जुन्नरला तन्वीर यांचे रद्दीचे दुकान आहे. मुलांची सचित्र पुस्तके रद्दीत आली की ते माझ्यासाठी बाजूस काढतात. त्यांतील एक विषय मी रोज सांगू लागलो. आज चंद्राच्या कला, उद्या मिठाचे आगर, परवा कांदा चिरताना डोळ्यांस पाणी का येते. पाणी शेवटच्या नळास पोहोचले की पाठ समाप्त. खालच्या आळीतली मुले पाणी आले तरी "अजून न्हाई आलं" म्हणून ओरडत. मला त्यात सन्मान वाटे.

मग दुधाचा पाठ आला. दुधाच्या शंभर भागांत सुमारे सत्त्याऐंशी भाग निसर्गतःच पाणी असते, एवढेच मी सांगितले. वस्तीवरचे दूधसंकलन रामनाथ यांच्याकडे आहे. त्यांना सगळे चेरमन म्हणतात, आणि पाणी समितीचे प्रमुखही तेच. मी खोलीतून बाहेर पडतो तो ते मोटरसायकल आडवी लावून उभे.

"गेण्या, सत्त्याऐंशी भाग पाणी, व्हय रे?"

"चेरमन, ते म्हशीच्या अंगातलं पाणी. पुस्तकात तसं छापलंय."

"पुस्तकात छापलंय आन् भोंग्यावर वाजलंय. डेअरीपुढं आत्ताच पोरं हसाय लागल्यात. कुणी शिकवलं तुला हे बोलायला?"

मी पुस्तक दाखवले. त्यांनी ते उघडलेही नाही.

आमच्या भागातील लोकांस एक जुनी खोड आहे. उघड भांडणे हलके समजले जाते. म्हणून जे बोलायचे ते भिंतीला ऐकवावे, सुनेला ऐकवायचे ते मांजराला सांगावे. त्यामुळे कोणी मांजराविषयी निष्कपटपणे बोलला, तरी सगळ्या सुना कान टवकारतात. हे ठाऊक असूनही मी डासाचा पाठ घेतला. डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, हे सांगून होते तोच लंकाबाई घागर कमरेवर घेऊन देवळात आल्या. त्यांच्या परड्यात सिमेंटचा उघडा हौद आहे. तो माझ्या ध्यानीमनीही नव्हता.

"गेणू, हौद माझ्या सासऱ्यानं बांधलेला हाय. तुझ्या बापानं त्यातलंच पाणी पिऊन दिस काढलं."

"काकू, मी हौदाचं नावसुद्धा घेतलं नाही."

"नाव घेतलं असतंस तर मी सरळ पायताण घेतलं असतं. न घेता बोललास, म्हणून घागर घेऊन आलेय."

त्यानंतर कोकिळेचा पाठ. कोकिळा स्वतः घरटे न बांधता कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, ही गोष्ट पहिलीच्या मुलासही ठाऊक असते. परंतु वस्तीवर सुनील नावाचा गृहस्थ सासऱ्याच्या घरी घरजावई म्हणून राहतो. तो दुपारी मला पाराजवळ भेटला आणि शांतपणे म्हणाला, "गेणूभाऊ, दुसऱ्याच्या घरट्यात राहाणारा वस्तीवर मी एकटाच हाय. मोजून बघा."

मी हात जोडले. तो म्हणाला, "हात नका जोडू. हातानं काय केलं न्हाई तुमी, तोंडानं केलंय."

आठवड्याच्या आत चेरमननी पाणी समितीची बैठक लावली. विषय एकच: भोंग्यावरचा पाठ बंद करणे. मला अन्नपाणी गोड लागेना. मी एस.टी.ने जुन्नर गाठले आणि तन्वीर यांस म्हणालो, "असा विषय द्या, जो आमच्या वस्तीवर कुणाच्याच घरी नाही."

त्यांनी गठ्ठे उपसले. "शहामृग घ्या. सगळ्या तालुक्यात शहामृग पाळलेला माणूस मी नाय बघितला. आफ्रिकेत असतो. तिथून कोण भांडायला येतंय?"

दुसऱ्या दिवशी मी शहामृगाचा पाठ अत्यंत सावधगिरीने घेतला. मान, पाय, वेग, अंड्याचा आकार. रात्री अंड्यांवर नर बसतो, हेही ओघाने आले. सुनीलची पत्नी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या गाळ्यावर कामास जाते आणि घरी तान्हे मूल सुनील सांभाळतो, हे मला वाक्य पूर्ण झाल्यावर आठवले. भोंग्यावर गेलेले वाक्य परत घेता येत नाही. त्या दिवशी सुनीलच्या दारापुढून मी जाताना त्याने मुलाला कडेवर घेऊन माझ्या वाटेवर मुद्दाम खाकरले.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी दिवा लावून बसलो होतो. प्रथम लंकाबाई आल्या. ओट्यावर टेकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "गेणू, दुधाचा धडा पोरांना नीट समजला न्हाई. परत घे. जरा फोड करून. उद्या मी तुझ्या बाजूनं बोलते."

त्या गेल्यावर सुनील आला. "माझं जाऊ द्या, भाऊ. त्या डासाचं अर्धंच राह्यलं. हौद कसा झाकायचा, ते पण सांगा. नाव कशाला घ्यायचं? उद्या माझा हात तुमच्याकडून वर."

शेवटी चेरमन स्वतः आले. उभ्यानेच बोलले. "कोकिळेचा लई चांगला घेतलास. कावळ्याला शेवटी काय मिळतं, तेवढं सांग. तो सासरा माझ्या डेअरीला दूध घालायचा, ह्या जावयानं दुसरीकडं वळवलं. घेतलास तर बैठक मी पाच मिनिटांत गुंडाळतो."

मी तिघांसही एकच उत्तर दिले: "पाठ मुलांकरिता आहे." तिघांनीही ते उत्तर म्हणजे नकार, आणि नकार म्हणजे विरोधी पक्षाशी संधान, असे मानले.

बैठक देवळाच्या सभामंडपात भरली. पाठ चालू राहावा असे ज्यांना वाटे, ती सर्व मंडळी पायरीखाली उभी होती आणि त्यांतील एकासही मताचा अधिकार नव्हता. उंचीने ती माझ्या कमरेइतकी होती. चेरमन म्हणाले, "ह्या माणसानं भोंग्यावरनं वस्तीची अब्रू घालवली. कुणाला ह्याच्या बाजूनं बोलायचं असंल तर बोला."

कोणी बोलेना. तेव्हा मी उठलो आणि जीवनात प्रथमच नावे घेऊन बोललो. काल सायंकाळी माझ्या ओट्यावर कोण आले, कोणी कोणाविरुद्ध कोणता पाठ मागितला, हे सर्व सांगितले. लंकाबाईंनी चेरमनकडे पाहिले, चेरमननी सुनीलकडे, सुनीलने लंकाबाईंकडे. मला वाटले, सत्याचा उजेड पडला. मग तिघांनीही एकदम माझ्याकडे पाहिले.

"बघा," लंकाबाई म्हणाल्या, "आतापत्तूर आडून बोलत व्हता, आता तोंडावर बोलाय लागला."

"काकू बरोबर बोलत्यात," सुनील म्हणाला. ते दोघे एकमेकांस बरोबर म्हणताना वस्तीने तोवर ऐकले नव्हते. आणि चेरमननी मांडीवर हात आपटून ठराव सांगितला: "पाणी सोडल्याचं कळलं पायजे, म्हणून भोंगा राहील. पण गेण्या, त्याच्यावरनं पाण्याखेरीज एक अक्षर बोलायचं न्हाई. बोललास तर वॉलची चावी काढून घेऊ." सर्व हात वर झाले.

दुसऱ्या सकाळी मी वॉल फिरवला, खोलीत गेलो, आणि म्हणालो, "पाणी सोडले आहे." पुढे माईक हातात धरून बसून राहिलो. खिडकीतून खालच्या आळीचे नळ दिसत होते. मुले भोंग्याकडे माना वर करून उभी होती. तेव्हा ठरावाचे शब्द मी मनाशी पुन्हा उच्चारले. पाण्याखेरीज एक अक्षर नाही. मला वाटले, ही आज्ञा आहे तर ती अक्षरशः पाळली पाहिजे.

मी माईक जवळ घेतला आणि म्हणालो, "मुलांनो, उंट पाणी कसे राखतो, ते ऐका."

त्यानंतर ढग झाले, बर्फ झाला, रक्त झाले, वाफेचे इंजिन झाले. समुद्राचे पाणी चंद्र ओढतो म्हणून चंद्र पुन्हा आला. मंगळावर पाणी होते की नाही हे शोधतात, म्हणून मंगळ आला. पाण्याचा मार्ग सोडून असलेला विषय मला अद्याप आढळलेला नाही.

यामुळे वैर निवळले, असे मात्र वाचकांनी समजू नये. लंकाबाई माझ्या घरावरून जाताना पदर तोंडास लावतात. सुनील माझ्याशी बोलत नाही. आणि चेरमन रोज सकाळी, डेअरी सोडून, भोंग्याच्या खांबाखाली हाताची घडी घालून उभे असतात. पाण्यावाचूनचे एक वाक्य माझ्या मुखातून निसटावे, एवढ्यासाठी ते प्रत्येक शब्द कान देऊन ऐकतात. माझ्या पाठास त्यांच्याइतका नियमित विद्यार्थी वस्तीवर दुसरा नाही. परवा खांबाखालून ते ओरडले, "गेण्या, मंगळावर पाणी सापडलं न्हाई, तर तो धडा ठरावाबाहेर गेला."

मी माईकवरूनच उत्तर दिले, "चेरमन, तेथे गोठलेले पाणी सापडले आहे."

दुधात सत्त्याऐंशी भाग पाणी असते, हा पाठही ठरावात पूर्णपणे बसतो. तो मी अद्याप पुन्हा घेतलेला नाही. मी तो घेऊ शकतो, हे चेरमन जाणतात. आणि वॉलची चावी अजून माझ्या कमरेस का आहे, हे मी जाणतो.

एवढे निवेदन करून लेखणी खाली ठेवतो. वाचकांनी आपला अमूल्य वेळ खर्चून हा मजकूर शेवटपर्यंत वाचला, याबद्दल त्यांचा मनःपूर्वक ऋणी आहे. यातील एखादे वाक्य कोणास स्वतःविषयी वाटल्यास, ते तसे नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

आपला विनम्र,
गेणू सयाजी औटी
खडकमळा, तालुका जुन्नर